सही करण्याआधी स्वयंपाकघराचा नकाशा बघा: पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
पुनर्विकासाला निघालेल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

तुमच्या फायलीत आतापर्यंत बरंच काही जमा झालं असेल. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या, पुनर्विकासाबद्दलच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाची प्रत, प्रकल्प सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल, दोन-तीन विकासकांच्या ऑफर. विशेष सर्वसाधारण सभेत काय बोललं जातं तेही ठाऊक आहे, कारण आमच्या सोसायटीच्या त्या सभांना मी बसले आहे. कार्पेट (घरातलं वापराचं क्षेत्र) किती वाढीव, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाड्याचे चेक आगाऊ देणार का, बँक गॅरंटीचं काय, पार्किंग सगळ्यांना की लॉटरीने. यातला एकही प्रश्न बिनकामाचा नाही. लोकांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकलेली असते.

पण स्वयंपाकघराबद्दल त्या सभांमध्ये कुणी अवाक्षर काढत नाही. काढलंच तर ग्रॅनाइट कुठल्या रंगाचं देणार एवढ्यापुरतं. आणि नव्या घरात गेल्यावर दिवसातले तीन-चार तास कुणीतरी उभं असतं ते तिथेच. मी ठाण्यातल्या एका पुनर्विकसित इमारतीत राहते. इमारत देखणी आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. स्वयंपाकघर मात्र असं बांधलंय की रोज त्याच्याशी झगडून स्वयंपाक करावा लागतो. माझी मागणी एकच आहे. नकाशे मंजुरीला जाण्याआधी आणि करारावर सह्या होण्याआधी स्वयंपाकघराचा नकाशा, सगळ्या मापांसकट, सभेपुढे ठेवा आणि तिथे राबणाऱ्यांकडून तो तपासून घ्या.

आमच्या स्वयंपाकघराचं माप सहा फूट बाय नऊ फूट. म्हणजे ५ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेने, २०१६ च्या आवृत्तीत, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराला किमान ५ चौरस मीटर क्षेत्र आणि १.८ मीटर रुंदी सांगितली आहे. तेव्हा आमचं स्वयंपाकघर या मापात काटेकोर बसतं, आणि तक्रार करायला गेलं की हेच उत्तर मिळतं. आता त्या सहा फुटांत काय काय मावतं ते बघा. ओटा दोन फूट खोल, म्हणजे उरले चार. समोरच्या भिंतीला फ्रिज. आजकालचा कुठलाही बऱ्यापैकी फ्रिज मागची फट धरून सव्वादोन फूट जागा खातो. राहिले पावणेदोन फूट. फ्रिजचं दार उघडायलाच त्याहून जास्त जागा लागते. त्यामुळे ओट्यापाशी कुणी पोळ्या लाटत असेल आणि दुसऱ्याला दूध काढायचं असेल, तर लाटणाऱ्याने बाहेर यायचं, दार उघडायचं, दूध काढायचं, दार लावायचं, मग परत आत. विकासकाने दाखवलेल्या नकाशात फ्रिजचा चौकोन होता, पण तो दीड फुटाचा. तेव्हा त्या चौकोनावर पट्टी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण नकाशा सभेत एकदा पडद्यावर दाखवला आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

ओट्याचं तर विचारूच नका. छत्तीस इंच उंच. आपल्याकडे बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, म्हणजे १५२ सेंटिमीटरच्या घरात. इतक्या उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून ९५-९६ सेंटिमीटरवर येतं. भाजी चिरायला हात कोपरापासून दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा, म्हणजे ओटा साधारण बत्तीस ते चौतीस इंच. कणीक तिंबायला आणि पोळी लाटायला तर खांद्याचा भार वरून पडायला हवा, त्यासाठी तीस-एकतीस इंचही पुरे. छत्तीस इंची ओट्यावर पोळपाट ठेवला की आणखी दीड-दोन इंच वाढतात. मग लाटताना दोन्ही खांदे कानांकडे उचलले जातात. माझ्या सासूबाई जेमतेम पाच फूट. ओट्यावर शेगडी, तिची उंची पाच-सहा इंच, त्यावर पाच लिटरचा कुकर. वाफ जिरलीय का बघायला त्यांना टाचा उचलाव्या लागतात, आणि शिट्टी उचलायची तर हात वाफेच्या अगदी वरून न्यावा लागतो. एकदा मनगट भाजल्यावर आम्ही त्यांना कुकरला हात लावू देत नाही. पन्नास वर्षं घर चालवलेल्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात कुकर उघडायची बंदी, आणि कारण काय, तर कुणीतरी सगळ्या मजल्यांसाठी एकच आकडा लिहून टाकला.

गंमत अशी की भांडी घासायला हाच ओटा बुटका पडतो. सिंकचा तळ सात-आठ इंच खाली जातो, त्यामुळे घासणारी वाकते. चिरणं-लाटणं, शिजवणं आणि घासणं या तीन कामांना तीन उंच्या लागतात. मिस्तरीला कडप्पा बसवतानाच सांगितलं तर ओट्याचा दोन फुटांचा एक तुकडा चार-पाच इंच खाली घेणं ही फार मोठी गोष्ट नाही. एकदा ग्रॅनाइट चिकटलं की मग ती तोडफोड आहे.

या स्वयंपाकघरात आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. जे सुधारता आलं ते सुधारलं, आणि तेही सांगते, कारण अशी स्वयंपाकघरं मिळालेल्या हजारो घरांना त्याचा उपयोग होईल.

सगळ्यात कामी आली ती एक फळी. ओट्याच्या खाली, जमिनीपासून तीस इंचांवर, सुताराकडून १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची ओढून बाहेर येणारी फळी करून घेतली, वजन पेलणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलवर. वर सनमायका, आणि बाहेर ओढली की खाली सरकून पाय होणारा लोखंडी आधार. तो आधार विसरू नका. कणीक तिंबताना पडणारा भार नुसत्या चॅनलवर टाकला तर महिन्याभरात फळी झुकते. आता पोळ्या त्या फळीवर लाटल्या जातात. सासूबाई स्टुलावर बसून तिच्यावर मटार सोलतात, गवार मोडतात, लसूण सोलतात. काम झालं की फळी आत. नव्या घरात आल्यापासून त्यांना स्वयंपाकघरात बसायला जागाच नव्हती. ती या फळीने परत मिळाली.

दुसरा उजेड. विकासकाने दिव्याचा पॉइंट दिला तो दाराच्या वर, म्हणजे ओट्यापाशी उभं राहिलेल्या माणसाच्या पाठीमागे. आपलीच सावली विळीवर आणि तव्यावर पडते. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, मेथीतली माती दिसत नाही. वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेला, एलईडीची पट्टी लावून घेतली. मागच्या भिंतीकडे लावली तर टाइल्स चमकतात आणि हातापुढे अंधारच राहतो, म्हणून पुढच्या कडेला. घरातल्या बाकी सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा हिला कमी पैसे लागले आणि फरक सगळ्यात जास्त पडला.

फ्रिज हॉलमध्ये नेला. पाहुण्यांना तो दिसतो, दिसू दे. दाराचं फळकूट काढून ठेवलं, कारण ते आत उघडायचं आणि कोपऱ्यातला डब्यांचा कप्पा अडवायचं. सिंकखालची ट्रॉली काढून टाकली. तिथे ओल राहते आणि झुरळं होतात, ती जागा मोकळी आणि कोरडीच बरी.

विजेचं काम जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे प्रश्न गैरसोयीचा नाही, जिवाचा आहे. आम्हाला ओट्यावर दोन प्लग मिळाले, दोन्ही सहा अँपिअरचे. मिक्सरला ठीक. पण २,००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर खेचते. घरोघरी काय होतं? लोक पिन बदलणारा अडॅप्टर लावतात किंवा एक्स्टेन्शन बोर्ड आणतात, तो ओट्यावर पाण्याशेजारी लोळतो, आणि प्लग तापून काळा पडतो. आम्ही वायरमनकडून मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढून घेतली, तिला वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), आणि दोन सोळा अँपिअरचे पॉइंट. भिंत फोडायची नव्हती म्हणून वायरची पट्टी भिंतीच्या वरून गेली आहे. दिसायला बरी नाही, पण रात्री झोप लागते. तुमचे नकाशे अजून कागदावर आहेत. तुमच्याकडे हीच वायर भिंतीच्या आतून जाऊ शकते.

इथवरच्या सगळ्या गोष्टी सुतार, वायरमन आणि थोडे पैसे यांनी जमल्या. मी हे पत्र लिहायला घेतलं ते उरलेल्या गोष्टींसाठी. त्या काँक्रीटमध्ये ओतल्या गेल्या आहेत आणि कितीही खर्च केला तरी आता हलत नाहीत.

पहिली म्हणजे खिडकी. आमची खिडकी डक्टमध्ये उघडते. चारी बाजूंनी भिंती, सगळ्या मजल्यांचे पाइप, आणि वर कुठेतरी आभाळाचा तुकडा. खालच्या घरातल्या मिरचीच्या फोडणीने आम्ही खोकतो, आमच्या फोडणीने वरचे. चिमणी बसवली, तर तिचं तोंड त्याच डक्टमध्ये. बाहेरच्या भिंतीकडे पाइप न्यायचा तर मध्ये बीम, आणि बीमला भोक पाडायचं नसतं. पाइप न लागणाऱ्या चिमण्या मिळतात, त्या तेलाचा अंश गाळतात पण उष्णता आणि वाफ घरातच सोडतात. मे महिन्यात दुपारी तिथे उभं राहवत नाही. ज्या राष्ट्रीय संहितेने ५ चौरस मीटर सांगितले, तिनेच पुढे हेही सांगितलं आहे की स्वयंपाकघराला किमान १ चौरस मीटरची खिडकी हवी, ती थेट मोकळ्या जागेवर उघडणारी हवी, शाफ्टमध्ये, म्हणजे अशा डक्टमध्ये, नको. ५ चौरस मीटरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, खिडकीचं वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. संहिता मार्गदर्शक असते, मंजुरी स्थानिक नियमावलीप्रमाणे मिळते, हे मला समजतं. पण समितीला आपल्या करारात संहितेतलं माप घालायला कुणीही अडवलेलं नाही. आणि खिडकी सरकती असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, तेव्हा १ चौरस मीटर म्हणजे प्रत्यक्ष उघडणारी जागा धरा.

यात गॅसचाही विचार आहे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपगॅस येणार असेल तर छताजवळ वायुवीजनाची जागा उघडी लागते, सिलिंडर असेल तर खाली. आमच्याकडे वरचा झरोका सौंदर्यासाठी काचेने बंद करून दिला होता. ती काच आम्ही काढली, पण इमारतीतल्या बऱ्याच घरांत ती अजून तशीच आहे.

दुसरी गोष्ट सिंक. न्हाणीघराचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात पाइप कुठेही फिरवता येतात. स्वयंपाकघराचा स्लॅब तसा नसतो. म्हणून सांडपाण्याचं भोक जिथे ठेवलं तिथेच सिंक, कायमचं. आमचं अगदी कोपऱ्यात आहे, दोन भिंतींच्या बेचक्यात. घासलेलं भांडं निथळत ठेवायला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लगेच शेगडी. सिंक तीन-चार फूट सरकवायचं तर पाइप ओट्याखालून ढाळ देत न्यावा लागतो, खालचा कप्पा जातो आणि आडव्या पाइपात तेल-तूप साचून तो वरचेवर तुंबतो. वास्तुविशारदाने नकाशावर ते वर्तुळ दोन फूट उजवीकडे काढलं असतं तर एक पैसाही जास्त लागला नसता.

आणि ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्या-भांड्यांची छोटी बाल्कनी. ती आमच्याकडे बेडरूमला लागून निघाली, स्वयंपाकघराला नाही. बसून भांडी घासणाऱ्या मावशींना खाली नळ नाही, जाळी नाही. त्यांचे गुडघे त्यांना उभं राहू देत नाहीत. आमच्या इमारतीत या कारणाने दोघींनी कामं सोडली.

जागा लहान म्हणून हे असंच होणार, असं कृपया कुणी म्हणू नये. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी मार्गारेटं श्युटं-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईने जे स्वयंपाकघर आखलं, ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. रुंदीला आमच्याहून जेमतेम तीन इंच जास्त. कामगारांच्या घरांत अशी साधारण दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पण तिने आधी कामाची पावलं मोजली होती. काम करायचं टेबल खिडकीखाली, बसायला फिरतं स्टूल, छताला सरकवता येणारा दिवा, कचऱ्याचा काढता खण, धान्य-साखरेला नावं घातलेले ॲल्युमिनियमचे डबे. शंभर वर्षांपूर्वी एवढा विचार परवडला. त्या स्वयंपाकघरावर पुढे टीकाही झाली आणि ती मला पटते: ते एकट्या बाईसाठी होतं, दुसरं माणूस त्यात मावत नव्हतं. आपल्याकडे एक भाजी चिरतं, दुसरं कुकर लावतं, दिवाळीत तर चौघं एकदम लागतात. म्हणून आपली मापं आपणच काढायला हवीत. पण मापं काढायला हवीत.

आता कराराबद्दल. विक्रीच्या सदनिका घेणाऱ्यांना रेरा कायद्याचं, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याचं, कलम १४ आहे. मंजूर नकाशात त्यांच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही, आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षं विकासकावर राहते. आपल्यासारख्या मूळ सभासदांची घरं बहुतेक वेळा रेराच्या नोंदणीच्या बाहेर असतात. आपला खरा आधार म्हणजे विकास करारनामा आणि प्रत्येकाचा पर्यायी जागेचा, म्हणजे जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घराचा, करार. त्या कराराला सुखसोयींची यादी जोडलेली असते. ती काढून वाचा. ग्रॅनाइटचा ओटा, स्टेनलेस स्टीलचं सिंक, नामांकित कंपनीचे नळ, दारापर्यंत टाइल्स. सगळं कशाचं आहे ते लिहिलेलं, किती मापाचं आणि कुठे आहे ते कुठेच नाही. या यादीला स्वयंपाकघराचा मोठ्या मापाचा नकाशा जोडायला सांगा. त्यावर ओट्याची उंची, खाली घेतलेला तुकडा, सिंकचं भोक, खिडकीची उघडणारी जागा आणि ती कशावर उघडते, फ्रिजची खरी मापं आणि त्याचं उघडलेलं दार, सोळा अँपिअरचे पॉइंट, दिव्याची जागा, चिमणीच्या पाइपचं भोक बीम चुकवून बाहेरच्या भिंतीत, ड्राय बाल्कनीत जमिनीलगतचा नळ, हे सगळं काढलेलं असावं. स्वयंपाकघर डक्टवर आणि बेडरूम रस्त्यावर, ही अदलाबदल विक्रीच्या दृष्टीने केली जाते. ती मान्य करायची की नाही हे सभेने ठरवावं, विकासकाने नाही.

विकासक तयार होणार नाही, असं तुम्हाला वाटेल. ज्या टप्प्यावर तुम्ही आहात तिथे तो बहुतेक गोष्टींना तयार होतो. इमारत रिकामी झाल्यावर होत नाही.

सभेत हा विषय घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्यांचं नाव पहिलं, ते सभेला येतात, आणि स्वयंपाक बहुधा दुसऱ्याच कुणीतरी करत असतं. समितीत महिलांच्या राखीव जागांवर असलेल्या सभासदांकडे हे काम सोपवून मोकळंही होऊ नका. रांधणारे पुरुषही आहेत आणि हे काम सगळ्या समितीचं आहे. एका रविवारी सकाळी गच्चीवर खडूने स्वयंपाकघर पूर्ण मापात आखा. ओटा, सिंक, शेगडी, दार, खिडकी. घरातला फ्रिज मोजून तोही आखा, उघड्या दारासकट. ओट्याच्या जागी टेबलं लावा, खाली विटा सरकवून उंची बदलत बघा. मग घराघरातून रांधणाऱ्यांना बोलवा, आजींपासून कॉलेजातल्या मुलापर्यंत, आणि त्या रेघांत उभं राहून एक पोळी लाटायला, एक कुकर उतरवायला सांगा. वास्तुविशारदाला वही घेऊन हजर राहायला सांगा.

आणि पोळ्यांच्या मावशींना आवर्जून बोलवा. त्या रोज पाच-सहा घरांतल्या ओट्यांवर काम करतात. कुठली उंची बरी, कुठे हात भाजतो, कुठल्या घरात खिडकी उघडते आणि कुठे जीव गुदमरतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. सोसायटीत त्यांना मत नाही, सभेची नोटीस त्यांच्यापर्यंत जात नाही. त्यांचा अर्धा दिवस बुडेल, त्याचे पैसे सोसायटीने द्यावेत, आणि त्या जे सांगतील ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.

आपली नम्र,
ठाण्यातल्या एका पुनर्विकसित सोसायटीची सभासद